अर्जात वारी लिहावी का?

माझी पुतणी नोकरीसाठी बायोडाटा तयार करते आहे. छंदांच्या रकान्यात तिने दोन गोष्टी लिहिल्या: पखवाजवादन आणि आळंदी ते पंढरपूर पायी वारी. मी तिला म्हटलं, पखवाज राहू दे, वारी काढ. तिने कारण विचारलं. ते नीट सांगणं माझं काम आहे, कारण मी स्वतः वारकरी आहे आणि नोकरीभर चिंचवडच्या एका कारखान्यात भरतीच्या मुलाखती घेत आलो.

जे पारखून घेता येतं ते अर्जात लिहावं. ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस विचारलं की खरं-खोटं तिथेच कळायचं. पखवाजाचंही तसंच. चौताल हातावर धरून बोल म्हणून दाखव, डाव्या तोंडाला कणीक कशाला लावतात ते सांग, असं कुणी म्हटलं तर माझी पुतणी सांगेल. त्यामागे गुरू आहे, रियाज आहे. ती कमाई मांडण्यात गैर काही नाही.

वारीची पारख कशी करणार? ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, तिच्याबरोबर माणूस चालतो. तो आत किती चालला हे दुसऱ्याला दिसत नाही. कागदावर लिहिलेली वारी वाचणाऱ्याकडे फक्त आदर मागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटलं आहे, चंचल आणि न टिकणारं. पुतणी मानासाठी चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण चालून झाल्यावर त्या पुण्याईवर मान मागितला, तरी तप त्याच वाटेला लागतं.

दुसरं कारण न्यायाचं. समोरच्या अर्जात वारी दिसली असती तर माझं मन त्या मुलाकडे झुकलं असतं. शेजारच्या खुर्चीवर बसलेला, कधीच वारीला न गेलेला किंवा रोजे धरणारा मुलगा कामात तितकाच हुशार असेल, तर माझं ते झुकणं त्याच्यावर अन्याय ठरलं असतं. ज्या वाटेवर अनोळखी माणसंही एकमेकांच्या पाया पडतात, तिच्या नावाने कुणाला मागे सारणं मला पटत नाही.

पुतणीने विचारलं, “मग काका, आपण वारकरी आहोत याची लाज बाळगायची का?” मुळीच नाही. शेतकरी पेरलेलं बी मातीने झाकतो, तसं अदंभी माणूस आपलं पुण्य झाकतो, असं ज्ञानदेवांनी तेराव्या अध्यायात समजावलं आहे. त्या झाकण्यात लाज नसते, बी रुजावं एवढीच काळजी असते. वारीसाठी रजा लागणार असेल तर ती मुलाखतीत आधीच मोकळेपणाने सांगावी. कुणी विचारलं तर गळ्यातली माळही लपवू नये. कारण विचारल्यावर खरं सांगणं हा प्रामाणिकपणा आहे, आणि न विचारता पुढे करणं ही मागणी आहे.

विठ्ठलाकडे काही मागायचं नाही म्हणून जी वाट चालायची, तिच्या बळावर साहेबाकडे नोकरी मागू नये.