अदृश्य आधाराचे ऋण

उपकार करणारा डोळ्यांसमोर नसला की उपकाराची जाणीवही लवकर मावळते, हा मनुष्यस्वभाव आहे. विहिरीवर पाणी शेंदून देणाऱ्याचे नाव आपण लक्षात ठेवतो. नळाचे पाणी मात्र आपोआप येते, असे मानून मोकळे होतो. आपल्या देवस्थानांच्या व्यवहारात हल्ली जो नवा आधार शिरला आहे, त्याच्या संबंधात हा प्रश्न आम्हांला विचारार्ह वाटतो.

देवळातील सेवेचे एक वैशिष्ट्य असे की तेथे प्रत्येक सेवेकरी दिसतो. पालखीला खांदा देणारे, चौघडा वाजविणारे, फुले आणणारे, समईत तेल घालणारे या सर्वांना आपापले स्थान आहे, मान आहे आणि प्रसादाचा वाटा आहे. आता बडोद्यास किंवा इंदुरास राहणारा कुळावी आपल्या मोबाइलवरील ॲप उघडतो, अभिषेकाची तिथी निवडतो, यूपीआयने दक्षिणा पाठवितो आणि क्षणार्धात पावती त्याच्या हाती येते. या सेवेत खांदा कोणी दिला? ते कोणालाच दिसत नाही, म्हणून त्याचा मानही कोणाला नाही.

हे खांदे कोणते, ते प्रथम पाहू. बिनतारी संदेशासाठी उपलब्ध लहरींचा पट्टा मर्यादित असतो. एकाच उंच मनोऱ्यावरून साऱ्या शहराला सेवा द्यावयाची म्हटले, तर थोडी माणसे बोलू लागताच तो पट्टा संपेल. यावर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1947 साली एक युक्ती सुचविण्यात आली: प्रदेशाची लहान लहान घरांत विभागणी करावी, प्रत्येक घराला आपला मनोरा द्यावा आणि शेजारच्या घरांना टाळून दूरच्या घरांत त्याच लहरी पुन्हा वापराव्यात. मधाच्या पोळ्यासारख्या या घरांना ‘सेल’ म्हणतात. या तत्त्वावरील पहिली सार्वजनिक सेवा 1979 साली टोकियोत सुरू झाली. भारतातील पहिले मोबाइल संभाषण 31 जुलै 1995 रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले.

फोंड्याहून पणजीकडे जाणाऱ्या गाडीतील प्रवाशाचे बोलणे एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपविले जाते. पालखी भुईवर न टेकविता भोई खांदा बदलतात, तसेच हे घडते. मात्र बिनतारी असा हा प्रवास बहुधा मनोऱ्यापाशीच संपतो. तेथून पुढे संदेश मुख्यतः जमिनीखालून जाणाऱ्या काचेच्या तंतूंतून आणि देशांच्या सीमा ओलांडावयाच्या असल्यास समुद्रतळाच्या केबलींतून धावतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे येणारा फोन आपल्याला शोधत यावा, यासाठी आपला यंत्रसंच कोणत्या भागात आहे याची नोंद ही व्यवस्था सतत ठेवीत असते. आपला ठावठिकाणा दिल्यावाचून ही सेवा मिळतच नाही.

मनोऱ्यापलीकडे दुसरा आधार आहे, त्याला ‘क्लाउड’ असे नाव पडले आहे. मराठीत मेघ म्हणा की कोंकणीत कूप म्हणा, हे नाव फसवे आहे. त्यात आकाशातले काहीही नाही. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. ते तापतात म्हणून त्यांना थंड ठेवावे लागते आणि वीज गेलीच तर विद्युत्‌घट व डिझेलची जनित्रे सज्ज ठेवावी लागतात. या संगणकांची शक्ती भाड्याने देण्याचा व्यवसाय ॲमेझॉन कंपनीने 2006 साली सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला. त्याची सोय उघड आहे. जत्रेच्या चार दिवसांसाठी कोणी कायमचा सभामंडप बांधीत नाही, भाड्याचा मांडव घालतो. तसेच उत्सवाच्या दिवशी ॲपवर गर्दी उसळली तर तेवढ्यापुरते अधिक संगणक घेता येतात व नंतर सोडून देता येतात. लहान संस्थेलाही मोठ्या यंत्रणेचा लाभ होतो तो यामुळेच. परंतु या मेघाला इंधन लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 साली जगातील अशा केंद्रांनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वीजवापराच्या दीड टक्का.

येथे कोणी म्हणेल, “आम्ही या सेवेचे पैसे देतो. मग ऋण कसले?” आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. मूल्य दिल्याने विक्रेत्याचे देणे फिटते. मनोऱ्यावर चढून पावसात दुरुस्ती करणाऱ्याचे श्रम, केंद्राने घेतलेले पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या संशोधनाची पुंजी यांचा हिशेब त्या देयकात पुरता येत नाही. तैत्तिरीय संहितेने सांगितलेली तीन ऋणे आपल्या वाचकांस परिचित आहेत. त्यांपैकी ऋषिऋण द्रव्याने फिटत नाही, अध्ययनाने फिटते. ज्ञानाचे ऋण जाणण्यानेच फेडावयाचे असते, हा त्यातील मर्म आहे. या न्यायाने पाहता, आपण कशावर उभे आहोत हे समजून घेणे हीच या ऋणाची पहिली फेड होय. गरज नसता चित्रफितींचे ढीग साठवू नयेत हा संयम ही दुसरी.

आधार समजला की त्याची मर्यादाही समजते. 20 ऑक्टोबर 2025 रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या केंद्रात संगणकांचे पत्ते शोधून देणाऱ्या व्यवस्थेत बिघाड झाला आणि जगभरातील अनेक ॲप कित्येक तास अडून राहिली. अनेकांचा भार एकाच खांद्यावर आला की तो खांदा निसटताच सर्वांची पालखी डळमळते. म्हणून देवस्थानाच्या कार्यालयात पावतीपुस्तक आणि वही असावी, हा केवळ जुन्याचा मोह नव्हे. ज्या वृद्धांना ॲप वापरता येत नाही, त्यांच्यासाठीही तो दरवाजा उघडा राहिला पाहिजे.

ऋणाहूनही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट आहे ठेवीची. आपल्या स्मृतिकारांनी विवादांची अठरा पदे सांगितली, त्यांत मनू आणि नारद या दोघांनीही ऋणादानाला पहिले स्थान दिले आणि निक्षेपाला, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या वस्तूला, दुसरे. ॲपवर अभिषेक सांगणारा भाविक दक्षिणा देतो आणि त्यासोबत आपले नाव, गोत्र, पत्ता, दूरध्वनी, घरातील वाढदिवस आणि आजारपणही सांगतो. दक्षिणा हे दान होय. ही माहिती मात्र दान नाही, ती ठेव आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर ठेवून घेणारा भरपाईस बांधील नाही, पण अनुज्ञेवाचून त्याने ती स्वतःसाठी वापरली तर तो दंडास पात्र होतो, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. प्रसाद पाठविण्यासाठी घेतलेला क्रमांक जाहिरातीसाठी दुसऱ्याच्या हाती गेला, तर तो या दंडकाचा भंगच ठरेल.

आधुनिक कायदाही याच वाटेने आला आहे, हे विशेष. 2023 साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहितीसंबंधीच्या अधिनियमाने, माहिती कशासाठी वापरावी हे ठरविणाऱ्याला जे इंग्रजी नाव दिले आहे, त्याचा अर्थ विश्वस्त असाच होतो. माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले तरी उत्तरदायित्व विश्वस्ताकडेच राहते. तेव्हा “ती सगळी क्लाउडमध्ये आहे, आम्हांला काय ठाऊक,” असे म्हणण्याची सोय देवस्थानाच्या महाजनांना नाही. भांडार दूर असले तरी किल्ली आपल्याच कमरेला आहे.

म्हणून आमची विनंती साधी आहे. ज्या देवस्थानांनी ॲप स्वीकारले आहे, त्यांनी सेवेला लागते तेवढीच माहिती विचारावी. ती कोठे, कोणाकडे आणि किती काळ राहणार हे भाविकास त्याच्या भाषेत सांगावे. आणि वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर या ठेवीचाही हिशेब द्यावा. देवाच्या दागिन्यांची मोजदाद आपण पंचांसमक्ष करतो. भाविकांच्या विश्वासाची मोजदादही तितक्याच निष्ठेने व्हावयास हवी.