डॉक्टरांचा दिनक्रम आणि कोयत्यावरची बाई

मिसरी सोडा, वजन उतरवा, रोज चाला, असे सांगणारा डॉक्टर स्वतः कसा जगतो, हे रुग्ण तोंडाने विचारत नाही, पण बघत असतो. तालुक्याच्या गावात डॉक्टर टपरीवर काय मागतात हेही लोकांना ठाऊक असते. मात्र या सवयींचा पहिला परिणाम डॉक्टरच्या स्वतःच्या जिभेवर होतो. सारा ब्लाइश आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अमेरिकेतल्या 500 डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचे वजन आटोक्यात होते, त्यांच्यापैकी 30 टक्के डॉक्टर लठ्ठ रुग्णांशी वजनाचा विषय काढत. ज्यांचे स्वतःचे वजन जास्त होते, त्यांच्यात हे प्रमाण 18 टक्के होते. आपल्याकडे वेगळे असेल असे मला वाटत नाही. खिशात पुडी असलेला डॉक्टर तंबाखूचा विषय लवकर आटोपता घेतो.

आणि ज्याला एखादी गोष्ट साधली, तो भरभरून बोलतो. आमच्या बीड जिल्ह्याच्या शेजारी लातूरला डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तेच केले. डॉ. श्रीकांत जिचकारांचे आहाराविषयीचे विचार ऐकून त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला, वजन उतरले, मग लोकांना सांगितले: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. गावोगावच्या सभागृहांत माणसे मावेनात. करून मग सांगणाऱ्याबद्दल मला आदर आहे, आणि लोकांनी विश्वास टाकला तो त्यामुळेच. पण एका शरीराचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, आणि प्रत्येकाचा दिवस डॉक्टरच्या दिवसासारखा नसतो.

बीडमध्ये हा फरक फार मोठा आहे. दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून गेलेली. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. फडात आडोसा नाही, म्हणून ती पाणी कमी पिते. तिला ‘भरपूर पाणी प्या, थोडा व्यायाम करा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरचा हेतू चांगलाच असतो, पण तो आपल्या दिनक्रमातून बोलत असतो. मिसरीने तिची भूक मरते आणि काम रेटले जाते, हे त्याने विचारलेलेच नसते. शिवाय याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. इथला डॉक्टर काही सांगतो तेव्हा ऐकणारीच्या मनात त्या शस्त्रक्रियाही असतात.

म्हणून मला आदर्श दिनक्रमाच्या डॉक्टरपेक्षा तंबाखू सोडताना दोनदा हरलेला डॉक्टर जास्त उपयोगाचा वाटतो. कोणत्या वेळी तलफ येते, सोबतच्या माणसांत बसल्यावर हात कसा पुढे जातो, हे त्याला माहीत असते. त्यामुळे ‘सोडून द्या’ म्हणण्याआधी तो ‘सकाळची पहिली कधी लावता?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला ती बाई खरे उत्तर देते.

पण अशी चौकशी करायला डॉक्टरपाशी सवड आणि ताकद हवी.  अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी रुग्णालयांचा भार निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर असतो. त्यांची सलग ड्युटी साधारणपणे 12 तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम 48 तासांपेक्षा जास्त असू नये, असे केंद्राचे 1992 चे निर्देश सांगतात. प्रत्यक्षात रात्रपाळीनंतर तोच निवासी डॉक्टर चहा-वडापाववर सकाळची ओपीडी काढतो, आणि समोरच्या मधुमेही म्हाताऱ्याला वेळेवर जेवायला सांगतो. जीवनशैलीच्या मोहिमांवर सरकार खर्च करते, त्याआधी हे निर्देश पाळले जावेत. त्या डॉक्टरची झोप झालेली असेल, तर म्हाताऱ्याच्या घरी स्वयंपाक कोण करते एवढे तरी तो विचारील.