शंभर टक्के क्लोन

जुना डेस्कटॉप रखडायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. बहुतेक वेळा दोष हार्ड डिस्कचा असतो. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला १२०. ऐकायला जोरदार, पण हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत दर वेळी काही मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो हेलपाटे पडतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. त्यामुळे दहा-बारा वर्षांचं मशीनही त्या एका बदलाने तरतरीत होतं.

बोईसरला आमच्या घरी हेच केलं. मला खरं तर विंडोज नव्याने टाकायचं होतं, पण बाबा त्यावर सोसायटीचे हिशोब ठेवतात आणि 'न्यू फोल्डर ७' मध्ये काय आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक. म्हणून जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली. स्क्रीनवर १०० टक्के आलं. आयकॉन जागच्या जागी, चार मिनिटांचं काम वीस सेकंदांत. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "छान आहे रे, पण हा काम करतोय की अडकलाय, तेच कळत नाही." इतकी वर्षं ते डिस्कच्या किरकिरीवरून ओळखायचे. ती किरकिर कुठल्याच सेक्टरवर लिहिलेली नव्हती. जुनी डिस्क मी पुसली नाही, कपाटात आहे.

थिसियसच्या जहाजाचं कोडं तुम्ही ऐकलं असेल: एकेक फळी बदलत गेलो, तर शेवटी जहाज तेच का? त्या कोड्यात खलाशाला कुणी काही विचारत नाही. मिलिंद राजाला रथ म्हणजे नेमकं काय, चाक की आस की जू, असं विचारणाऱ्या भिक्खू नागसेनाने निदान रथातून आलेल्यालाच विचारलं.

आमच्याकडे हे कोड्यापुरतं राहत नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यालगतची गावं उठवली गेली. २००५-०६ मध्ये भट्ट्या सुरू झाल्या. गावं दुसरीकडे वसवली, नावं तीच. कागदावर पाहिलं तर हाही क्लोनच. पण ज्याचं पोट मासेमारीवर, त्याच्यासाठी समुद्र घरापासून किती पावलांवर होता, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

वीज लागतेच. माझा तर पगारच विजेवर चालणाऱ्या यंत्रांतून येतो, तेव्हा कुणालाच कधी हलवू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण 'पूर्ण झालं' हे हलवणाऱ्याने म्हणायचं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याला फक्त त्याने मोजलेलं दिसतं. ज्याच्या ओट्यावरून होडी दिसायची त्याची यादी वेगळी असेल, आणि ती आधीच मागायला हवी, कारण गावाची जुनी डिस्क कपाटात ठेवता येत नाही.