टॉपला पोचलास का?

तलमडुगूच्या शिवारात बर्फ पडत नाही. थंडीत शेकोट्या पेटतात, तेवढेच. पण आदिलाबाद, किनवट, यवतमाळकडची शिकलेली पोरे आता हिवाळ्यात उत्तराखंडातल्या सांक्रीला जाऊन साडेबारा हजार फुटांचे केदारकंठ चढू शकतात. जरूर चढावे. अडचण परतल्यावरच्या आपल्या प्रश्नाची आहे: "टॉपला पोचलास का?" हाच प्रश्न पोराला पुढच्या खेपेस बिघडल्या हवेत वर ढकलतो.

हिमस्खलनात कोणी गेले की आपण दैवाला बोल लावतो. खरे तर माणसांना गाडणारा लोट बहुतेक वेळा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटतो. ३० ते ४५ अंशांचा उतार, त्यावर रात्रभर पडलेले नवे बर्फ, म्हणजे धोका. बर्फावर चालायला बुटांखाली बांधायच्या रुंद स्नोशूंनी भार पसरतो, पाय कमी रुततात. पण उतार सुटायचा राहत नाही. उलट, एरवी जिथे पाऊल टाकवले नसते तिथे ते सहज नेतात. गाडलेल्याला साधारण पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घटते. खालून मदत यायला तास लागतात. म्हणून प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याची जागा दाखवणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे हवे, वापरण्याचा सरावही हवा. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. प्रशिक्षणाला गेलेल्यांची ही गत. मग पैसे भरले म्हणून गाइडवर डाफरणाऱ्या हौशींचे काय?

आणि कपडे. आपला मुलूख कापसाचा, पण बर्फात सुती बनियन घामाने भिजते, लवकर सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. आत लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे घालावे. कापूस पिकवणाऱ्या बापाला हे रुचणार नाही, तरी सांगावे.

निजामाबादकडच्या मालावत पूर्णाने २५ मे २०१४ ला एव्हरेस्ट गाठले. तेव्हा ती तेरा वर्षे अकरा महिन्यांची होती. शाळाशाळांत सांगितले जाते ते तिचे वय. त्याआधी ती भोनगीरच्या खडकावर, दार्जिलिंगला आणि लडाखच्या थंडीत शिकली, हे भाषणात क्वचितच येते. सत्कार करायचाच तर अर्ध्या वाटेवरून अख्खी टोळी सुखरूप परत आणणाऱ्या म्होरक्याचाही करा, शाल-नारळ देऊन, त्याच मंचावर. आणि उतार पाहून "आज नको" म्हणणाऱ्या सांक्रीच्या गाइडला ठरलेले पैसे पुरते द्या.