आळशी की थकलेला?



ख्रिस्तसभेने आळसाची गणना सात प्रमुख पापांत केली आहे. त्यामुळे मूल उशिरा उठले, पुस्तक उघडून नुसतेच बसून राहिले, की 'आळशी' हा शिक्का मारायला आपल्याला वेळ लागत नाही. पण तो शिक्का नेहमी खरा असतो का?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या पापाचा बारकाईने विचार केला. त्यांच्या मते आळसाचे मूळ शरीरात नसून अंतःकरणात असते. परमेश्वराने देऊ केलेले चांगलेच ओझे वाटू लागणे आणि मनाने त्याकडे पाठ फिरवणे, हे ते पाप. शरीराच्या थकव्याला त्यांनी पाप म्हटले नाही. उलट, दुःखावरचे उपाय सांगताना त्यांनी झोप आणि स्नान यांचाही समावेश केला आहे!

आळशी मुलाला शक्ती असते, इच्छा नसते. थकलेल्या मुलाला इच्छा असते, शक्ती नसते. बाहेरून मात्र दोघे सारखेच दिसतात.

मग ओळखावे कसे? मुलाच्या छंदांकडे पाहावे. आळशी मूल अभ्यास टाकून क्रिकेटला पळते. दीर्घकाळ थकलेल्या मुलाच्या हातून आवडीच्या गोष्टीही सुटतात. कॉयरमध्ये गिटार वाजवणारा मुलगा सरावाला येईनासा होतो. धडा तीनदा वाचूनही त्याच्या लक्षात राहत नाही. सणाच्या दिवशी उत्साहाने राबतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठत नाही.

असा थकवा आठवडेच्या आठवडे टिकला, तर उपदेशाआधी डॉक्टरांकडे जावे. त्यामागे रक्तक्षय, थायरॉईड, क्षयरोग, मधुमेह किंवा नैराश्य असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. काही मुलांना तापासारख्या आजारानंतर 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम' जडतो. झोपूनही थकवा जात नाही, थोड्या श्रमानेही प्रकृती ढासळते; पण नेहमीच्या तपासण्यांत काहीच सापडत नाही. या आजारात व्यायाम ठरावीक क्रमाने वाढवत नेण्याचा जुना सल्ला ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांतून २०२१ साली वगळण्यात आला. म्हणजे 'जरा हातपाय हलव, बरे वाटेल' हे आपले बोलणे अशा मुलाला अपायकारकही ठरू शकते.

कोणी म्हणेल, असा विश्वास ठेवला तर मुले डोक्यावर बसतील. ही भीती अगदीच खोटी नाही. पण तोलून पाहा. विश्वास ठेवून फसलो, तर काही दिवस वाया जातील. अविश्वास दाखवून चुकलो, तर मूल आपल्याच घरात एकटे पडेल; आपला आजार हेच आपले पाप, असे समजून ते पापनिवेदनाला जाईल. यातली कोणती चूक आपल्याला परवडेल?

लूर्दची बर्नाडेट १८५८ साली चौदा वर्षांची होती. दम्याने तिला ग्रासले होते. धर्मशिक्षणाचे पाठ तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून ती मंद समजली जाई. मारियामातेने दर्शन दिले ते याच मुलीला. पुढे मठात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा आजारी असणे हेच आपले काम असल्याचे तिने सांगितले, असे म्हणतात. काही न करताही माणूस देवाला प्रिय असतो, हे तिला कळले होते.

एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली थकून पडला, तेव्हा देवदूताने त्याची कानउघाडणी केली नाही. त्याला भाकर दिली, पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. होरेब पर्वताच्या वाटेची गोष्ट त्यानंतर निघाली.

या आठवड्यात आपल्या घरातल्या थकलेल्या मुलाला गुणांविषयी काही विचारू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा आणि 'तुला कसे वाटते?' एवढेच विचारा. उत्तर मिळाले, तर त्यावर विश्वास ठेवा.