आधी जेव, मग बोलू

२१ डिसेंबर | आगमन काळातलं मनन
आजचा शास्त्रभाग : १ राजे १९:१-८ आणि लूक २:६-७



नाताळ चार दिवसांवर आलाय. तुमचं काय चाललं असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. दिवसा ऑफिस, संध्याकाळी कॉयरची प्रॅक्टिस, रात्री कॅरल राऊंड. घरी करंज्या लाटायला कोणीतरी हवंय, संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळांना काठ्या कमी पडतायत, आणि वर्षअखेर म्हणून मॅनेजरला सगळं २३ तारखेच्या आत हवंय. काही जण बंगळुरूला पीजीमध्ये आहेत, सुट्टी मिळालेली नाही. काहींच्या घरात या वर्षी एक खुर्ची रिकामी आहे.

आजचं मनन थकलेल्यांसाठी आहे. आधी बायबल उघडून दोन्ही शास्त्रभाग वाचा, मग पुढे या.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. आजवर इथे लिहिली नव्हती, कारण लाज वाटत होती.

मागच्या ऑगस्टमध्ये आमची आई प्रभूकडे गेली. डिसेंबर आला तसं मी ठरवलं की स्वतःला सेवेत गुंतवून घ्यायचं. कॉयर, तरुण संघाचे कॅरल राऊंड, चर्चची सजावट, मुलांचं नाटक, जे विचारलं त्याला मी हो म्हटलं. लोक म्हणायचे, "बघा, एवढं दुःख असूनही किती करते पोरगी!" ऐकून बरं वाटायचं. खरं कारण मात्र वेगळं होतं. मला घरी जायचं नव्हतं. घरी गेलं की स्वयंपाकघरात आई नसायची.

एका सकाळी पप्पांनी विचारलं, "या वर्षी चांदणी लावायची का गं?" मी बुटाची लेस बांधत होते. म्हटलं, "तुम्हीच लावा ना पप्पा, मला कुठे वेळ आहे?" आणि निघून गेले.

२३ डिसेंबरच्या रात्री खडकी, येरवडा, विश्रांतवाडी करत आम्ही कॅरल गात फिरलो. प्रत्येक घरात चहा, केक, प्रार्थना. घसा पूर्ण बसला होता. एक वाजून गेल्यावर मी आमच्या बिल्डिंगखाली पोचले आणि वर पाहिलं. आमच्या गॅलरीत अंधार होता, चांदणी नव्हती. त्या रात्री मी निदान दहा घरांमध्ये "आनंद करा" असं गाऊन आले होते आणि माझे पप्पा अंधारात एकटे होते. मला जिना चढवेना. पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसले आणि मनात आलं, देवा, बस झालं आता. उद्या सकाळ झालीच नाही तरी चालेल.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय, कारण आज वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी मनात ते आलेलं असू शकतं.

एलीयाची पायरी

एलीयाच्या मनातही तेच आलं होतं. तेही कधी? कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर लगेच. आकाशातून अग्नी उतरला, लोकांनी परमेश्वराला मानलं, कित्येक वर्षांच्या दुष्काळानंतर पाऊस पडला. सेवेच्या हिशोबात यापेक्षा मोठं यश कोणतं? आणि पुढच्याच अध्यायात ईजबेलीची एक धमकी येते आणि हा देवमाणूस जीव घेऊन पळत सुटतो. म्हणजे खचणारा माणूस विश्वासात कच्चा असतो, असा नियम बायबलमध्ये नाही. खूप दिल्यानंतरही माणूस रिकामा होतो.

तिसऱ्या वचनात एक छोटी गोष्ट आहे, ती मी कैक वर्षं नुसती वाचून पुढे जायचे. एलीया आपल्या सेवकाला बैर-शेबात मागे ठेवतो आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो. सोबतीचं माणूस होतं, त्यालाही सोडलं. मग रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागितलं. माझंही तेच झालं होतं. शंभर माणसांत फिरत होते, पण सोबत कोणालाच ठेवलं नव्हतं.

आता देव काय करतो ते बघा. देवदूत येतो. तो एलीयाला विश्वासावर भाषण देत नाही. "एवढे चमत्कार पाहिलेस, तरी असं बोलतोस?" असं विचारत नाही. कर्मेलची आठवणही काढत नाही. तो त्याला स्पर्श करतो आणि उठून खायला सांगतो. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत झोपू देतो! दुसऱ्यांदा येतो तेव्हा पुन्हा जेवणच पुढे करतो आणि कारणही सांगतो, की पुढचा प्रवास तुझ्या ताकदीबाहेरचा आहे.

मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींची वाट, होरेब डोंगर, आणि तिथे पोचल्यावर देवाचा प्रश्न, की तू इथे काय करतोयस? प्रश्न आला, पण झोप आणि जेवण झाल्यावर. उपाशी माणसाची झाडाझडती देवाने घेतली नाही.

त्या रात्री मी कशीबशी वर गेले. पप्पा जागेच होते. मी दारातच रडत रडत बोलायला लागले, चांदणीबद्दल, आईबद्दल, सगळं एकदम. पप्पांनी माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि म्हणाले, "आधी जेव, मग बोलू." वरण-भात गरम केला, लिंबू पिळून दिलं. दिवसभर केक आणि चहावर असलेली मी ते ताट चाटून पुसून खाल्लं. मग बोलणं झालंच नाही, कारण मी तिथेच सोफ्यावर झोपले. सकाळी उठले तेव्हा दहा वाजले होते आणि अंगावर आईची गोधडी होती.

१ राजे १९ मी संडे स्कूलपासून ऐकत आले होते. कळला त्या सकाळी.

ज्याला सांभाळावं लागलं असा देव

आता लूककडे या. नाताळ म्हटलं की आपण देवदूतांची सेना, मेंढपाळ, तारा यांच्याकडे धावतो. पण लूक २:७ किती साधं आहे! आईने बाळ जन्माला घातलं, बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. सगळी बाळंतपणाचीच कामं आहेत.

विचार करा. ज्याने आकाश पसरलं, त्याला कोणीतरी दुपट्यात गुंडाळावं लागलं. त्याला भूक लागली, दूध पाजावं लागलं. थंडी वाजली, कुशीत घ्यावं लागलं. झोप आली, तो झोपला. देवाचा पुत्र जगाला तारायला आला आणि आल्याबरोबर त्याने पहिली गोष्ट कोणती केली, तर स्वतःला सांभाळू दिलं.

मग आपल्याला कसली लाज? "मला मदत लागतेय" असं म्हणणं जर कमीपणाचं असतं, तर देवाने बाळ होऊन येण्याचा मार्ग निवडलाच नसता. आणि शरीर हे जर बिनमहत्त्वाचं असतं, नुसतं सेवेसाठी राबवून घ्यायचं वाहन असतं, तर शब्द देही झालाच नसता. तुमची झोप, तुमचं जेवण, तुमची पाठदुखी, रात्री तीनला उघडणारे तुमचे डोळे, हे सगळं त्याच्या लेखी आहे.

पुढे मोठा झाल्यावरही येशूने हेच शिकवलं. मार्क ६:३१ मध्ये शिष्य सेवेवरून परत येतात. लोकांची इतकी ये-जा की जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना एकांतात जाऊन जरा विसावा घ्यायला सांगतो. गर्दी तर होतीच, गरजाही होत्या. तरीही त्याने विसावा घ्या म्हटलं.

नाताळात रडायला जागा आहे

मत्तयाचा दुसरा अध्याय आपण मागी लोकांपर्यंत वाचतो आणि सोयीस्करपणे थांबतो. पुढे हेरोद आहे. बेथलेहेमातली बाळं मारली जातात. मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीची आठवण मत्तय तिथे काढतो, आणि तिचं सांत्वन होत नाही. पहिल्या नाताळाच्या गोष्टीतच हे रडणं आहे, आणि पवित्र आत्म्याने ते शास्त्रातून गाळलेलं नाही. परदेशात काही मंडळ्या तर २१ डिसेंबरच्या सुमारास, सर्वांत लांब रात्रीच्या निमित्ताने, दुःखात असलेल्यांसाठी खास शांत उपासना ठेवतात. म्हणजे तुमच्या घरी या वर्षी कोणी नसेल तर हसरा चेहरा लावून चर्चला जायची सक्ती देवाने केलेली नाही.

त्याच अध्यायात योसेफ आहे. धोका कळताच तो रातोरात बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरला निघून जातो. जीव वाचवण्यासाठी निघून जाणं ही सुद्धा आज्ञापालनाची गोष्ट असू शकते. एखाद्या नातेवाइकाच्या घरी दर नाताळाला तुमचा अपमान होत असेल, "लग्न कधी? पगार किती? अजून भाड्यानेच राहता?" ऐकून तुम्ही आठवडाभर आजारी पडत असाल, तर या वर्षी अर्धा तास बसा, केक द्या, प्रार्थना करा आणि उठा. चालतं.

या चार दिवसांत काय करायचं?

मी अजून शिकतेच आहे. पण हे काही माझ्या उपयोगी पडलं.

झोप ही उपासनेइतकीच गंभीरपणे घ्या. कॅरल राऊंडला जा, पण रोज रात्री नको. एका रात्री घरी थांबा.

एका गोष्टीला नाही म्हणा. त्या २४ तारखेला सकाळी मी कॉयरच्या दादाला फोन करून सांगितलं की शेवटच्या प्रॅक्टिसला येत नाहीये. तो चिडला, खोटं कशाला सांगू? पण २५ तारखेची उपासना माझ्याशिवायही झाली, आणि अल्टोवाल्यांनी छान गायलं. माझ्यावाचून देवाचं काही अडत नाही हे कळणं, ही सुद्धा सुवार्ताच आहे.

ऐपतीबाहेर खर्च करू नका. गोठ्यात जन्मलेल्याचा वाढदिवस हप्त्यांवर साजरा करायची गरज नाही.

दुसऱ्यांचे फोटो बघून आपलं घर मोजू नका. मॅचिंग कपड्यांतल्या त्या कुटुंबाचं फोटोआधी काय भांडण झालं ते फोटोत येत नाही.

सगळं २५ तारखेतच बसवू नका. मंडळीच्या परंपरेत नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. मावशीकडे २८ ला गेलात तरी तो नाताळच.

आणि एका माणसाला खरं सांगा. एलीयाला देवाने नंतर दोन गोष्टी दिल्या. तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत, ही माहिती, आणि अलीशा, म्हणजे सोबत चालणारा एक माणूस. सात हजार फॉलोअर असतील तरी एक अलीशा लागतोच.

हेही स्पष्ट सांगते. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही जा. मी जानेवारीत समुपदेशकाकडे गेले. मंडळीत एकीने विचारलं, "प्रार्थना कमी पडली का गं?" त्या वेळी उत्तर सुचलं नाही. आज देईन. एलीयाला भाकर देवदूताने आणली, मला देवाने समुपदेशक दिला. देणारा एकच. अगदी आत्ता, या क्षणी जड जात असेल तर १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आणि दिवस-रात्र चालू, मराठीतही बोलता येतं. आणि घरातल्या कोणाला तरी उठवा. मध्यरात्र असली तरी उठवा.

चांदणी

२४ च्या संध्याकाळी मी आणि पप्पांनी माळ्यावरून चांदणी काढली. बल्ब गेला होता. पप्पा खाली जाऊन नवा घेऊन आले. मी स्टुलावर चढून बांधली तर ती एका बाजूला कलली. पप्पा म्हणाले, "वाकडी लावलेली तुझ्या आईला अजिबात चालायची नाही." आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो आणि मग दोघंही रडलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच एकत्र रडलो. ती चांदणी आम्ही तशीच वाकडी राहू दिली.

या वर्षी मी दोनच रात्री कॅरलला गेले. चांदणी १ तारखेलाच लागली आहे, पप्पांनी स्वतः लावलीय. सरळ.

आजचं पाऊल : आज रात्रीचं जेवण फोन बाजूला ठेवून, बसून जेवा. आणि तुमच्या ओळखीत जो या नाताळात एकटा आहे, त्याला उपदेशाचा मेसेज पाठवू नका. डबा घेऊन जा.

प्रार्थना : प्रभु येशू, तू बाळ होऊन आलास आणि मरीयेच्या हातांनी स्वतःला सांभाळू दिलंस. मलाही सांभाळून घ्यायला शिकव. ज्यांना आज रात्री झोप येणार नाही त्यांच्या उशाशी तू भाकर आणि पाणी ठेव. ज्यांच्या घरी खुर्ची रिकामी आहे त्यांच्याजवळ तू बस. आणि माझ्या घरात जो अंधारात वाट बघत बसलाय, त्याच्याकडे मला वेळेवर परत ने. आमेन.