थकलेल्यास निजूं द्या
(वाचा : १ राजे १९:४-८)

पुण्याच्या विश्रांतवाडीच्या नांवांतच विसांवा आहे. परंतु तेथील आळंदी रस्त्यानें मालमोटार हांकणाऱ्यास तो कोठें? आसनामागील अरुंद फळी हेंच त्याचें घर. केबिन इंजिनाच्या उष्णतेनें तापते, डांस चावतात, शौचाची सोय नसते. आणि डिझेल चोरीस जाईल या धास्तीनें डोळा लागत नाहीं. १९६१ च्या कायद्यानें त्याच्या कामाचे दिवसास आठ तास ठरविले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींत केबिन थंड ठेवण्याचें यंत्रही सक्तीचें झालें. पण जुन्या गाड्या तापतच आहेत.

थकून झुडपाखालीं निजलेल्या एलीयास देवदूतानें दोष दिला नाहीं. त्यानें भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हां निजूं दिलें. मग रस्त्याकडेस निजलेल्या चालकास आम्हीं आळशी कां म्हणावें? आमचा कांदा तोच बाजारीं नेतो. शब्बाथाची आज्ञा चाकरासाठीं व परक्यासाठींही आहे. म्हणून ज्याचा माल असेल त्यानें रातोरात पोहोंचविण्याचा हट्ट सोडावा. ज्याची विहीर रस्त्यालगत असेल त्यानें स्नानास पाणी द्यावें. विश्रांति ही देवाची देणगी आहे. ती आम्हीं कोणाचीही हिरावून घेऊं नये.